मी कुठलं पान मोजत होतो

मी एक जुना संगणक आहे आणि माझं वय मी कुणाला सांगत नाही. वय कळलं की माणसं एकमेकांकडे बघतात आणि मग कुणीतरी हळूच मोठी पिशवी शोधायला जातं. एवढंच सांगतो, की माझा पांढरा रंग आता चहाच्या रंगाकडे झुकला आहे आणि माझ्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. मित्रांनो, तुम्ही चांगली मुलं दिसता. तरी कुणी स्क्रूड्रायव्हर आणला असेल तर तो आधी बाजूला ठेवा, मग मी बोलायला लागतो.

संशयी आहे मी, मान्य आहे. हा गुण मला जन्मापासूनचा. कारखान्यात एका लांबलचक टेबलावर माझी जुळणी झाली. टेबलाच्या शेवटी एक बाई बसायच्या. त्यांचं काम तपासणीचं. बाकीचे संगणक त्या एकदा चालू करून पुढे ढकलत. मला त्यांनी तीनदा चालू केलं, तीनदा बंद केलं, आणि तरी ओठ मुडपून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माझ्यात काय खटकलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी तेव्हाच ठरवलं, की आपणही जगाकडे असंच बघायचं.

सुरुवातीची काही वर्षं मी एका विमा कचेरीत पत्रं टाइप करण्यात घालवली. तिथून मला काढलं, अडगळीत टाकलं, आणि अडगळीतून एका बाईंनी मला उचलून घरी आणलं. त्यांना मी मुकादम म्हणतो, कारण त्यांच्या मंडळातले सगळे त्यांना तेच म्हणतात. कामं वाटून देणं, भांडणं सोडवणं आणि शेवटचा शब्द बोलणं, ही तिन्ही कामं त्यांचीच.

आता हे मंडळ म्हणजे काय ते सांगतो. वेबसाइट तयार करणं हे घर बांधण्यासारखं असतं. प्रत्येकाने दारं-खिडक्या स्वतः रंधून काढायच्या म्हटलं तर घरं उभी राहायची नाहीत. म्हणून काही लोक तयार दारं, तयार खिडक्या करून ठेवतात, आणि ज्याला हवं त्याने उचलून न्यावं अशी मोकळीक देतात. अशा तयार सामानाला फ्रेमवर्क म्हणतात. मुकादमांच्या फ्रेमवर्कचं नाव 'चौकट'. ती कुणीही वापरावी, आतून कशी केली आहे ते उघडून बघावं, मोडलेलं दिसलं तर दुरुस्त करून परत द्यावं. हे काम करणारी माणसं देशोदेशी पसरलेली. एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेली फार थोडी, पण रोज वाद घालणारी सगळी.

वाद बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून. चौकट चपळ आहे की मंद? एक म्हणायचा, माझ्याकडे पान पटकन येतं. दुसरा म्हणायचा, माझ्याकडे रेंगाळतं. पण प्रत्येकाचा संगणक वेगळा, मग कुणाचं खरं मानायचं? म्हणून त्यांनी मला पंच नेमलं. माझ्यात काहीही बदलायचं नाही, दुसरं कुठलं काम मला द्यायचं नाही, असा नियम झाला. रोज दुपारी तीन वाजता माझ्या एका कोपऱ्यात चौकटीवर बांधलेली नमुन्याची साइट उभी राहायची. तिच्यातलं पाचशे ओळींच्या यादीचं पान मी हजार वेळा मागायचो आणि ते यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवायचो. मंडळाने माझं नाव 'म्हातारा' ठेवलं. कुणी मंदपणाची तक्रार आणली की सगळे एकच वाक्य लिहायचे, 'म्हाताऱ्यावर दाखवा'. माझ्यावर दिसलं नाही तर ती तक्रार बंद. मला हे फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझी जागा स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखालच्या फळीवर. मुकादम तिथेच खिडकीपाशी बसून काम करायच्या. वर त्यांचे वडील स्वतःचे शर्ट इस्त्री करायचे. त्यांना घरात सगळे बाबा म्हणत. ते वजनमापांचे निरीक्षक होते, आता निवृत्त. इस्त्रीची वाफ खाली माझ्यापर्यंत यायची. ती वाफ ते मुद्दाम सोडतात असा मला अनेक वर्षं संशय होता, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही.

सुरुवातीला माझा आकडा असायचा नव्वद. म्हणजे एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले नव्वद. मग तीन वर्षांपूर्वी मुकादमांनी चौकटीची आतली घडण नव्याने केली. आठ महिने त्या त्यातच होत्या. जेवताना बोलायच्या नाहीत, बोलल्या तर त्याच्याबद्दलच. नवी आवृत्ती निघाली त्या आठवड्यात मी मोजलं, तर आकडा आला चार. चार! मंडळात नुसता आनंदीआनंद झाला. मुकादमांना मोठ्या संमेलनात भाषणाला बोलावलं. कुणीतरी माझा फोटो सदऱ्यावर छापून घेतला. मुकादमांनी माझ्या कपाळावर एक चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर जाड पेनाने लिहिलं, 'चपळ'.

मित्रांनो, नव्वदाचे एकदम चार होतात तेव्हा माझ्यासारख्या संशयखोराने विचारायला हवं होतं, की हे झालं कसं. मी नाही विचारलं. स्वतःचं कौतुक चालू असताना कुणाला संशय येतो हो?

मग या वर्षाच्या सुरुवातीला एक तक्रार आली. लिहिणाऱ्या बाईंनी स्वतःचं नाव 'रक्तपेढी' एवढंच ठेवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, की नव्या आवृत्तीत लांब यादीची पानं फार हळू येतात, त्यांच्याकडे चाळीस सेकंद लागतात. मंडळात एक गृहस्थ आहेत, त्यांना तोफखाना म्हणतात, कारण त्यांचं उत्तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या आवाजात येतं. त्यांनी लिहिलं, 'म्हाताऱ्यावर दाखवा'. मला विचारलं. मी म्हटलं, चार. तक्रार बंद.

बाईंनी पुन्हा लिहिलं. या वेळी अंदाजही दिला, की चौकट यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी माहितीच्या कोठारात वेगळी खेप घालत असावी. तेही बंद झालं. त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा मात्र वातावरण फिरलं. तोफखान्याने शोधून काढलं, की बाईंचं खातं अवघं अकरा दिवसांचं आहे आणि त्यावर फोटो नाही. त्याने लिहिलं, पाणी कुठेतरी मुरतंय. दुसऱ्या एका फ्रेमवर्कची माणसं आपली बदनामी करायला टपून बसलेली असतात, हे सगळ्यांना एकदम आठवलं. मुकादम तशा समजूतदार, पण घडण त्यांची होती ना. त्याही बाईंच्या तक्रारींच्या वेळा बघत बसल्या. तिन्ही पहाटे सहाच्या सुमाराच्या. नोकरीला जाण्याआधी उठून कोण तक्रारी लिहितं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. नेमलेलं माणूस असणार.

मीही त्यांच्यात सामील होतो. मला वाटलं, ज्याचं खरंच दुखतं तो ओरडतो. या बाई इतक्या शांतपणे कशा लिहितात? काहीतरी डाव आहे.

शेवटी मुकादमांनी बाईंना शनिवारच्या मीटिंगला बोलावलं. दर शनिवारी सकाळी अकराला मंडळ पडद्यावर जमतं. बाबा त्या वेळी आठवड्याचे शर्ट घेऊन टेबलापाशी उभे होते. पडद्यावर चाळिशीच्या एक बाई दिसल्या. अंगात पांढरा कोट, मागे काचेच्या दाराचं मोठं फ्रीज, आणि त्यात रांगेने लावलेल्या लाल पिशव्या. तोफखाना लगेच म्हणाला, की मागे हवं ते चित्र लावता येतं आजकाल. तेवढ्यात त्या फ्रीजने टूं-टूं आवाज केला. बाई उठल्या, दार उघडून आतलं तापमान बघितलं, वहीत लिहिलं आणि परत येऊन बसल्या. चित्रातलं फ्रीज उघडत नाही, त्यामुळे तोफखाना जरा गप्प झाला.

बाई म्हणाल्या, "मी कुणाची माणूस नाही हो. सात वाजता माझी पाळी सुरू होते, म्हणून सहाला लिहिते. मी रक्त तपासते. ही साइट मी घरी बसून शिकून केली. आजूबाजूच्या नऊ रक्तपेढ्यांत कुठला गट कुठे आहे, ते नातेवाइकांना फोनवर दिसतं. पण चाळीस सेकंद कोण थांबणार? लोक पान बंद करतात आणि धावत सुटतात. परवा एक जण बायकोसाठी चार ठिकाणी फिरला. पिशवी पाचव्या ठिकाणी होती, आणि माझ्या पानावर ती दिसत होती."

कुणीतरी विचारलं, मिळाली का.

"मिळाली. उशिरा मिळाली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. तोवर साइट सुधारली नाही तर ती बंद, आणि पुन्हा पूर्वीसारखं एक फोन आणि नऊ नंबर. चौकटीच्या जुन्या आवृत्तीवर परत जावं, तर तिची देखभाल मंडळाने कधीच थांबवलेली.

मुकादमांचा चेहरा पडला. पण त्या म्हणाल्या, की वाईट वाटतं, तरी म्हाताऱ्याने कालसुद्धा चारच दाखवले.

वरची इस्त्री थांबली. मुकादमांच्या लक्षात आलं की बाबा काहीतरी बोलणार, म्हणून त्यांनी घाईने मीटिंगमधला आपला आवाज बंद केला.

"बाबा, मीटिंग चालू आहे."

"आवाज बंद केलास ना? मग सांग. हा खालचा काय मोजतो?"

"पान यायला लागणारा वेळ."

"कुठलं पान?"

"यादीचं. पाचशे ओळींचं."

"तू बघितलंस ते?"

"हजार वेळा येतं ते, बाबा. कोण बघत बसणार?"

"एकदा," बाबा म्हणाले.

मग ते इस्त्री उभी ठेवून सांगायला लागले, की नोकरीच्या पहिल्या वर्षी ते नुसते काटे तपासायचे. काटा बरोबर निघाला की खूश होऊन पुढच्या दुकानात. एका दुकानाचा काटा तर इतका अचूक होता की त्यांनी मालकाची पाठ थोपटली. त्यांच्या साहेबांनी त्यांना परत त्याच दुकानात नेलं आणि पोत्यात हात घालायला लावला. पोत्यातला माल खालून ओला होता. काटा बिचारा जे ठेवतील त्याचं खरं वजन सांगत होता.

मुकादमांनी वैतागून माझा पडदा चालू केला. मी दुपारी जे पान मागतो ते त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी उघडलं. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली.

'हे पान इथे नाही.'

मित्रांनो, मला लाज वाटली. इतकी लाज मला अडगळीत असतानाही वाटली नव्हती. तीन वर्षांपूर्वी, घडण बदलली त्याच आठवड्यात, तोफखान्याने नमुन्याच्या साइटची आवराआवर केली होती. यादीचं पान त्याने दुसऱ्या पत्त्यावर हलवलं होतं. मला नवा पत्ता कुणी दिला नाही. मी रोज हजार वेळा जुन्या दारावर थाप मारत होतो, शेजारी सांगत होते की ते लोक इथे राहत नाहीत, आणि मी खाली लिहीत होतो, भेट झाली, वेळ चार. नाही म्हणायला वेळ लागतोच किती? मला कुणी वाचायला सांगितलं नव्हतं, नुसतं मोजायला सांगितलं होतं, असं मी म्हणू शकतो. पण फ्रीजवाल्या बाईंवर संशय घ्यायलाही मला कुणी सांगितलं नव्हतं. तो मी आपणहून घेतला.

मुकादमांचे कान लाल झाले. आठ महिन्यांचं काम, ते भाषण, तो सदरा, सगळं त्या एका ओळीने खोटं पाडलं होतं. मीटिंगमधला त्यांचा आवाज अजून बंदच होता. त्या ओळीबद्दल खोलीबाहेर कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता मुकादम गुपचूप पत्ता बदलतील आणि सोमवारी जाहीर करतील की कालपरवा काहीतरी नवा बिघाड झालाय. कुणाला कळलंही नसतं. मला तरी तोंड कुठे होतं सांगायला? बाबांनी इस्त्री उचलली आणि कॉलर करायला घेतली.

मुकादमांनी आवाज चालू केला.

"ताई, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारा तीन वर्षं चुकीचं पान मोजतोय. ते मी कधी उघडून बघितलं नाही. चूक माझी आहे."

आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत मला खरा पत्ता दिला. मी कामाला लागलो. माझा पंखा घरघरायला लागला, तीन वर्षांत तो असा घरघरला नव्हता. आकडा आला दोन हजार तीनशे. म्हणजे दोन सेकंदांहून जास्त, तेही अवघ्या पाचशे ओळींना. ताईंच्या यादीत त्याच्या कितीतरी पट ओळी होत्या.

मग तोफखान्याने घसा साफ केला. तो म्हणाला, की पत्ता त्यानेच हलवला होता, कळवायचं राहून गेलं. अकरा दिवसांच्या खात्याबद्दल जे लिहिलं त्याबद्दल ताईंनी माफ करावं.

"माफीचं नंतर बघू हो," ताई म्हणाल्या. "शुक्रवार जवळ आलाय."

पुढचे पाच दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. ताईंचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. वीस वस्तू आणायला बाजारात वीस फेऱ्या माराव्यात, तशी चौकट प्रत्येक ओळीसाठी कोठारात जाऊन येत होती, आणि हे खूळ मुकादमांच्या नव्या घडणीतच होतं. सगळ्या वस्तू एका खेपेत आणायला तिला शिकवायचं होतं. रविवारी मुकादमांनी काही बदललं, आकडा हलला नाही. सोमवारी बदललं, तर पानंच यायची बंद झाली. मंगळवारी तोफखाना मदतीला आला आणि दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसत राहिले. बुधवारी आकडा चारशे दहावर आला आणि मंडळातल्या कुणीतरी लगेच टाळ्यांचं चित्र पाठवलं.

ताईंनी ते चित्र बघून विचारलं, "ओळी किती आल्या?"

कुणी मोजल्याच नव्हत्या! मोजल्या तर चारशे नव्वद. दहा ओळी वाटेत कुठेतरी गळाल्या होत्या. रक्तपेढीच्या यादीतून दहा ओळी गळणं म्हणजे काय, ते ताईंना समजावून सांगावं लागलं नाही, बाकीच्यांना लागलं. त्या दिवसापासून नियम झाला, की मी आधी ओळी मोजायच्या, पहिली आणि शेवटची ओळ वाचून दाखवायची, आणि मगच वेळ सांगायचा. गुरुवारी दुपारी तीनला मी सांगितलं, ओळी पाचशे, वेळ पंच्याऐंशी. बाबांनी वाकून माझ्या पडद्यावर ती शेवटची ओळ स्वतः वाचली. त्यांचा माझ्यावर अजून विश्वास नाही, आणि ते मला बरं वाटतं.

ताईंनी संध्याकाळीच नवी चौकट आपल्या साइटला बसवली. शुक्रवारी सकाळी मोठे डॉक्टर काउंटरपाशी आले. त्यांनी स्वतःचा फोन काढला, पान उघडलं आणि चष्मा वर करेपर्यंत यादी समोर आली होती. ते 'बरं' म्हणाले आणि निघून गेले. साइट बंद करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडून राहिला.

चपळ लिहिलेली ती पट्टी मुकादमांनी काढून टाकली. गोंदाचा चौकोनी डाग मात्र राहिलाय. पुढच्या संमेलनात त्या पुन्हा भाषणाला गेल्या आणि या वेळी ती एकच ओळ पडद्यावर दाखवून सगळी हकिगत सांगितली. माझा आकडा तपासायचं काम आता ताईंकडे आहे. पहाटे सहाला त्या माझं कालचं पान उघडून वाचतात आणि मगच पाळीवर जातात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या असं मी सांगणार, याची तुम्ही वाट बघत असाल. धूळ पुसा, वाफेपासून लांब ठेवा, ते सगळं कराच. पण आम्ही जे सांगतो ते एकदा उघडूनही बघत जा. आम्ही लबाड नसतो, आम्हाला जे दार दाखवलं त्यावरच आम्ही थाप मारतो. आणि कुणी नवं माणूस शांतपणे तक्रार घेऊन आलं, तर त्याचं खातं किती दिवसांचं आहे ते शेवटी बघा. संशय घ्यायचाच असेल तर माझ्यावर घ्या, मला सवय आहे.

त्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी ताई मीटिंगला आल्या तेव्हा मुकादमांनी विचारलं, साइट कशी चालली आहे. ताई म्हणाल्या, की काल दुपारी एक बाई धापा टाकत दारातून आत आली, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. ताई उठून काउंटरपाशी गेल्या. त्या बाईने जागेवरच उभं राहून फोनमध्ये बघितलं. तिला हवा तो गट इथे नव्हता, तिसऱ्या पेढीत होता. ती वळली आणि बाहेर पळाली.

"माझ्याशी एक शब्द बोलली नाही," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकं बरं वाटलं मला."